मदरबोर्डवरच्या चिपची किल्ली कोणाकडे?



तुमच्या शाळेच्या संगणककक्षात दहा-बारा वर्षांचा एखादा जुना संगणक असेलच. वीज पूर्ण बंद करून आणि शिक्षकांची परवानगी घेऊन त्याचे झाकण उघडा व मदरबोर्डकडे नीट पाहा. करंगळीच्या नखाहून लहान अशी एक आठ पायांची काळी चिप तुम्हाला दिसेल. काही बोर्डांवर ती खोबणीत बसवलेली असते, बहुतेकांवर ती सरळ डाख देऊन जोडलेली असते. तिच्यावरच्या बारीक अक्षरांत बहुधा २५ हा आकडा आणि त्यापुढे ६४ किंवा १२८ असा आकडा असतो. ६४ म्हणजे ६४ मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ही चिप ८ मेगाबाइटांची. तुमच्या खिशातल्या पेन ड्राइव्हपुढे ही जागा अगदीच किरकोळ. पण ही चिप कोरी झाली तर तो सगळा संगणक म्हणजे एक तापणारी पेटी उरते.

असे का? इंटेलचा किंवा तशाच घडणीचा प्रोसेसर जागा झाला की पहिली आज्ञा ठरलेल्या एकाच जागेवरून उचलतो. ४ गिगाबाइट पत्त्यांच्या मोजपट्टीवर अगदी शेवटचे १६ बाइट उरतात, ती ही जागा. आणि त्या पत्त्यावर मदरबोर्डने ही चिप जोडून ठेवलेली असते. त्या क्षणी मुख्य स्मृतीसुद्धा वापरण्याजोगी नसते. स्मृतीच्या तारांवरील वेळेचे गणित जुळवणे, हार्ड डिस्क शोधणे, पडद्यावर पहिले चित्र उमटवणे, ही सारी कामे या चिपमधील आज्ञावली करते आणि मग कारभार विंडोज किंवा लिनक्सच्या हाती देते. पूर्वी तिला बायोस म्हणत. आज जी मांडणी प्रचलित आहे तिला यूईएफआय म्हणतात. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधले म्हणून फर्मवेअर हा शब्द १९६७ मध्ये अ‍ॅशर ऑप्लर यांनी प्रथम वापरला.

आता मुद्द्याकडे येतो. ही आज्ञावली म्हणजे एकसंध दगड नव्हे. ती शेकडो लहान मॉड्यूलांची चळत असते. एक मॉड्यूल कळफलकाचे, एक यूएसबीचे, एक नेटवर्कचे, एक पडद्याचे. यांतली बरीचशी मॉड्यूले म्हणजे ड्रायव्हरच होत. प्रत्येकाला १२८ बिटांचा ओळखक्रमांक असतो. १२८ बिटांत किती निरनिराळे क्रमांक बसतील ते तुम्ही स्वतः काढून पाहा. ३ वर ३८ शून्यांहूनही मोठी संख्या येईल. चळत असल्यामुळे तत्त्वतः एक मॉड्यूल काढून त्या जागी दुसरे घालता येते किंवा नवेच एखादे मध्ये सरकवता येते. उत्पादक हे काम अधूनमधून करतो आणि सगळी चळत नव्याने बांधून देतो. पण त्याने लक्ष काढून घेतले की पुढे काय? ते काम मालकाने स्वतःच्या हाताने करावे काय, आणि त्याला ते करू द्यावे काय, या दोन प्रश्नांवर मला आज बोलायचे आहे.

एक खरे उदाहरण घेऊ. एनव्हीएमई या जातीच्या वेगवान डिस्कचे पहिले प्रमाणपत्रक मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१२ सालच्या मदरबोर्डांवर अशी डिस्क घरगुती ग्राहक लावील असे कोणाला वाटले नव्हते, म्हणून त्यांच्या चिपमध्ये तिचा ड्रायव्हरच घातला गेला नाही. आज ती डिस्क स्वस्त झाली आहे आणि साध्या जोडकार्डावर बसवून जुन्या बोर्डाच्या पीसीआय एक्सप्रेस खोबणीत लावता येते. विद्युत्-दृष्ट्या सर्व काही जुळते. विंडोज सुरू झाल्यावर डिस्क दिसतेही, कारण विंडोजचा ड्रायव्हर वेगळा असतो. पण त्या डिस्कवरून संगणक सुरू मात्र होत नाही. सुरुवातीच्या त्या काही क्षणांत कारभार चिपकडे असतो आणि चिपला ही भाषाच येत नाही!

उणीव केवढी? फार तर वीस-पंचवीस किलोबाइटांच्या एका मॉड्यूलची. हे मॉड्यूल करते काय, तर बसवरील प्रत्येक उपकरणाला त्याचा वर्ग विचारते. उत्तर ०१, ०८, ०२ असे आले, म्हणजे 'साठवणीचे उपकरण, न पुसणाऱ्या स्मृतीचे, एनव्हीएमई पद्धतीचे', की त्याच्याशी बोलणे सुरू करते. हे मॉड्यूल गुप्तही नाही. यूईएफआयची जी खुली प्रत आहे तिच्यात त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचायला मिळतो. म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी जुन्या बोर्डांच्या चिपमधला मजकूर वाचून घेतला, त्याची चळत उलगडली, त्यात हे मॉड्यूल घातले आणि मजकूर परत लिहिला. जुने बोर्ड नव्या डिस्कवरून सुरू झाले. सॅटा जोडणीत सेकंदाला ६०० मेगाबाइट ही मर्यादा असते. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या चार मार्गिकांतून सुमारे ३९०० मेगाबाइट जाऊ शकतात. भंगारात निघालेल्या संगणकाला हा लाभ थोडा म्हणता येणार नाही.

हे वाचून तुमच्यापैकी काहींचे हात शिवशिवू लागले असतील. जरा थांबा. आधी चिपच्या पोटात काय चालते ते समजून घेऊ. माझा विषय पदार्थविज्ञान असल्याने इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

या चिपला फ्लॅश स्मृती म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. तिच्या आधीची ईप्रॉम इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये आणली होती. ती पुसायची तर चिपच्या पाठीवरील क्वार्ट्झच्या खिडकीतून जंबुपार किरण सोडावे लागत. फ्लॅशमध्ये किरणांचे काम विद्युत्-क्षेत्र करते. प्रत्येक बिटासाठी चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेला सिलिकनचा एक तुकडा असतो. त्यावर इलेक्ट्रॉन कोंडले की ०, काढून घेतले की १. रोधकाच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात ते पुंजयांत्रिकीच्या कृपेने. त्या गमतीवर स्वतंत्र लेखच लिहायला हवा.

आपल्या कामाची गोष्ट ही, की लिहिताना फक्त १ चा ० करता येतो. ० चा १ करायचा तर एकट्या बिटाला हात लावता येत नाही. कमीत कमी ४ किलोबाइटांचा सगळा खण पुसावा लागतो. पाटीवरचे एकच अक्षर बदलायचे आहे, पण ओल्या फडक्याने सगळी पाटी पुसल्याशिवाय गत्यंतर नाही, असा प्रकार. याचा अर्थ असा, की मॉड्यूल बदलताना एक वेळ अशी येतेच की जुना मजकूर पुसला गेला आहे आणि नवा अजून लिहायचा आहे. नेमके त्याच वेळी दिवे गेले तर? आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही. लॅपटॉपवर हे काम करताना बॅटरी भरलेली असावी असा आग्रह धरला जातो तो याचसाठी.

दुसरा धोका व्होल्टेजचा. चिप बोर्डावरून न काढता तिच्या आठ पायांना चिमटा लावून बाहेरच्या यंत्राने वाचता-लिहिता येते. हे यंत्र बाजारात स्वस्तात मिळते. पुष्कळ चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, काही नव्या १.८ व्होल्टच्या. आणि या स्वस्त यंत्रांपैकी एक फार खपलेला प्रकार माहितीच्या तारांवर चक्क ५ व्होल्ट देतो. पहिल्या चिपला हे दीडपट झाले, दुसरीला जवळजवळ पावणेतीनपट. पहिली कदाचित सहन करील, दुसरी करणार नाही. शिवाय चिमट्यातून दिलेला प्रवाह एकट्या चिपला जात नाही, बोर्डाचा आसपासचा भागही तो ओढतो. यंत्राचा अंतर्गत रोध तुम्हाला दहावीपासून ठाऊक आहे. प्रवाह वाढला की व्होल्टेज खाली बसते आणि चिप चुकीचे वाचली जाते. म्हणून एकदा वाचलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायचा नसतो. दोनदा वाचून दोन्ही प्रती बाइटाला बाइट जुळवून पाहायच्या असतात.

आणखी एक मोह सांगतो, तो नव्याचा. जुन्या मॉड्यूलाच्या जागी मोठ्या आवृत्तिक्रमांकाचे मॉड्यूल दिसले की ते घालावेसे वाटते. मोठा आकडा म्हणजे चांगले, असा हिशेब. पण पडद्याचा ड्रायव्हर प्रोसेसरच्या पिढीला बांधलेला असतो. डिस्कांचा संच सांभाळणाऱ्या ड्रायव्हरांच्या नव्या आवृत्त्यांनी तर जुन्या संचांची नावेच यादीतून काढून टाकलेली असतात. चालत्या संगणकात केवळ आकडा वाढवण्यासाठी मॉड्यूल बदलणे मला मूर्खपणाचे वाटते. जे मॉड्यूल नसल्यामुळे काही अडले आहे, किंवा ज्यात दोष सिद्ध झाला आहे, तेच बदलावे.

हे सांगण्याचा अधिकार मी एका फजितीने कमावला आहे. आमच्या प्रयोगशाळेत एकाच जातीचे सात जुने संगणक होते. त्यांतल्या एकाची चिप मी वाचली, एनव्हीएमईचे मॉड्यूल घातले, परत लिहिले, आणि संगणक नव्या डिस्कवरून झटक्यात सुरू झाला. आनंदाच्या भरात तीच फाइल मी बाकीच्या सहांच्या चिपांत लिहिली. त्यांचा मूळ मजकूर आधी वाचून ठेवण्याचा कंटाळा केला. बोर्ड एकाच जातीचे, मग वेगळे ते काय असणार, असा माझा विचार. सातही सुरू झाले. दुसऱ्या दिवशी मुले आली आणि नेटवर्कवर गोंधळ उडाला. एकाचे काम चालू असताना दुसऱ्याचे बंद पडायचे. गंमत म्हणजे एकेकटा चालवून पाहिला तर प्रत्येक संगणक निर्दोष! मी केबली बदलल्या, स्विच बदलला. दोन दिवस गेले. शेवटी एका विद्यार्थिनीने सातही संगणकांचे नेटवर्क पत्ते कागदावर लिहून आणले. सातही पत्ते एकच होते.

प्रत्येक संगणकाचा नेटवर्कवरचा सहा बाइटांचा पत्ता या बोर्डांवर त्याच चिपच्या एका कोपऱ्यात ठेवलेला असतो. पहिल्याचा पत्ता मी इतर सहांच्या कपाळी कोरला होता. सुदैवाने मूळ पत्ते बोर्डांवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर छापलेले होते. ते हाताने परत भरले. पण नुसते भरून भागत नाही. इंटेलच्या त्या कोपऱ्यात १६ बिटांचे पहिले ६४ शब्द असतात आणि त्यांची बेरीज, १६ बिटांबाहेरचे हातचे सोडून, षोडशमान पद्धतीत बीएबीए यावी लागते. मराठीत सरळ 'बाबा' वाचा! पत्ता बदलला की बेरीज बिघडते, मग शेवटचा शब्द बदलून 'बाबा' परत आणावे लागतात. ते मी आणले. त्या सहा बोर्डांचे अनुक्रमांक मात्र कायमचे गेले. ते आजही पहिल्याचाच अनुक्रमांक सांगतात.

ही बेरजेची युक्ती जुनी आहे. आयबीएम पीसीत जोडकार्डावर स्वतःची आज्ञावली असली तर तिची सुरुवात षोडशमानातील ५५ आणि एए या दोन बाइटांनी होई. तिसरा बाइट तिची लांबी ५१२ बाइटांच्या पटीत सांगे, आणि सर्व बाइटांची बेरीज २५६ ने भागून बाकी शून्य यावी लागे. ५५ म्हणजे ८५, एए म्हणजे १७०. बेरीज २५५, द्विमानात लिहिले तर एकाचे १ तिथे दुसऱ्याचे ०. हाताने मॉड्यूल बदलणारा शेवटचा एखादा बाइट जुळवून बाकी शून्य करी आणि यंत्र ते मुकाट्याने स्वीकारी. म्हणजे बेरीज चूक ओळखते, लबाडी ओळखत नाही. एक बाइट १ ने वाढवा, दुसरा १ ने कमी करा, बेरीज तीच.

आणि लबाडी झाली. २६ एप्रिल १९९९ रोजी तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा विषाणू अनेक देशांत एकाच दिवशी जागा झाला. डिस्कची सुरुवात पुसून तो थांबला नाही. काही बोर्डांच्या बायोस चिपमध्येही त्याने कचरा लिहिला. ते संगणक चिप बदलल्याशिवाय उठले नाहीत. २०१८ मध्ये याहून चलाख प्रकार उघडकीस आला. लोजॅक्स असे नाव दिलेल्या या घुसखोराने चिपमधला मजकूर वाचला, त्यात स्वतःचे एक ड्रायव्हर मॉड्यूल घातले आणि परत लिहिला. विंडोज नव्याने बसवा, डिस्क बदला, तो तिथेच. लक्षात आले ना? आमच्या प्रयोगशाळेत मी जे केले तेच त्याने केले. कृती एकच, फक्त मालकाला पत्ता नव्हता.

म्हणून उत्पादकांनी कुलपे घातली ती काही निव्वळ आडमुठेपणाने नव्हे. २०१३ पासून इंटेलच्या प्रोसेसरांबरोबर अशी व्यवस्था मिळते, की उत्पादकाच्या किल्लीचा ठसा सिलिकनमध्ये वितळतारेसारखा कायमचा कोरला जातो. चिपमधल्या सुरुवातीच्या मजकुरावर त्या किल्लीची गणिती सही नसली तर संगणक सुरूच होत नाही. बेरीज जुळवता येते, सही जुळवता येत नाही. चोरासाठी हे उत्तम.

पण मालकाचे काय? २०२३ च्या अखेरीस लोगोफेल नावाचा दोष जाहीर झाला. सुरू होताना उत्पादकाचे बोधचिन्ह पडद्यावर दाखवतात ना, ते चित्र वाचणाऱ्या मॉड्यूलांतच चुका होत्या. मुद्दाम बिघडवलेले चित्र ठेवून त्यांतून आत शिरता येत होते. ज्या बोर्डांना उत्पादक अजून सुधारित मजकूर देतो त्यांचे ठीक. ज्यांचे लक्ष त्याने काढून घेतले त्या बोर्डांत सदोष मॉड्यूल तसेच राहणार, आणि कुलूप असले तर जाणता मालकही ते बदलू शकणार नाही. चोराला बाहेर ठेवणारे कुलूप इथे दोषाला आत सांभाळते. त्याच वर्षी एका बोर्ड-उत्पादकाच्या गुप्त किल्ल्या चोरीला जाऊन बाहेर आल्या. सिलिकनमध्ये कोरलेला ठसा बदलता येत नाही. म्हणजे तिथे किल्ली चोराकडे असू शकते, मालकाकडे नाही!

माझे मत असे आहे. कुलूप असावे, पण त्याला मालकाच्या हाताने फिरणारी एक कळ असावी, आणि ती आज्ञावलीत नव्हे तर बोर्डावर, प्रत्यक्ष हाताने हलवावी लागेल अशी असावी. यात अशक्य काही नाही. सीआयएचच्या काळातल्या काही बोर्डांवर लेखन रोखणारा एक लहानसा जंपर असे. तो लावलेला असला तर विषाणूला चिपमध्ये काहीच लिहिता येत नसे. पुढे अनेक क्रोमबुकांच्या पोटात एक स्क्रू असे. तो काढल्याशिवाय चिप लिहिता येत नाही, आणि दूर देशी बसलेल्या घुसखोराला स्क्रू काढता येत नाही. एवढ्याशा धातूच्या तुकड्याने चोर आणि मालक यांतला फरक किती सोपा केला पाहा. त्यातूनही ज्याला कायमचे कुलूपच घालायचे आहे, त्या उत्पादकाने सुधारित मजकूर देणे थांबवताना निदान मालकाला स्वतःची किल्ली बसवू देण्याची सोय करावी.

कोणी म्हणेल, घर फोडून आत शिरलेला चोर स्क्रूही काढील. काढील खरा. पण तो मग संगणकच उचलून नेईल. आणि बँकेच्या किंवा दवाखान्याच्या यंत्राला घट्ट कुलूप हवे असेल तर त्यांनी ते जरूर घ्यावे. शाळेच्या संगणकाला तीच व्यवस्था मुकाट्याने लागू करणे मला पटत नाही.

शिक्षकांना एक विनंती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला आणि अनेक ठिकाणी जुने संगणक मोडीत काढण्याची घाई सुरू झाली. मॉड्यूल घालून जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसणार नाही, हे खरे. पण लिनक्सवर तोच संगणक आणखी काही वर्षे विज्ञानमंडळाच्या कामाला येऊ शकतो. मात्र शाळेचे निकाल किंवा हजेरी ज्यावर आहे त्या यंत्राच्या चिपला कोणालाही हात लावू देऊ नका, अगदी माझ्यासारख्यालाही.

प्रयोगाला भंगारवाल्याकडचा बंद पडलेला बोर्ड घ्या. त्याचा वीजपुरवठा काढून टाका, चिपवरचा क्रमांक वाचून ती किती व्होल्टची आहे ते पाहा, यंत्राच्या तारांवर खरोखर किती व्होल्ट येतात ते मल्टिमीटरने मोजा आणि मगच चिमटा लावा. लिहू नका, नुसते वाचा. बोर्ड इंटेलच्या अलीकडच्या संचाचा असेल तर सुरुवातीपासून १६ बाइट सोडून ५ए, ए५, एफ०, ०एफ असे चार बाइट सापडतील. पुढे कुठे तरी अंडरस्कोर, एफ, व्ही, एच ही अक्षरे दिसली की तिथे मॉड्यूलांची एक चळत सुरू होते असे समजा. मध्ये मैलच्या मैल एफएफ दिसतील, ती पुसून कोरी राहिलेली पाटी. आणि दोनदा वाचलेल्या प्रती जुळल्या नाहीत तर चिपला दोष देण्याआधी चिमट्याचे आठही दात पायांवर नीट बसले आहेत का ते भिंगातून बघा.